जोर खंय जाता?

होंडाच्या जुन्या डी-सिरीज इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा, बदलणं हे तसं अवघड काम नाही. मॅन्युअल समोर ठेवावं, खुणा जुळवाव्यात, घाई करू नये. ज्याला नट-बोल्टची भीती वाटत नाही अशा कुणालाही ते जमेल. अडतं एकाच ठिकाणी. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला जो बोल्ट असतो तो सुटल्याशिवाय पुली निघत नाही, पुली निघाल्याशिवाय खालचं कव्हर निघत नाही, आणि कव्हर निघाल्याशिवाय बेल्टला हात लागत नाही. बाकी सगळ्या कामाला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट या एका बोल्टाने खाल्ला, म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो.

माझी गाडी म्हणजे १९९८ साली भारतात आलेल्या सिटीची पहिली पिढी. वडिलांनी हौसेने घेतलेली, आता माझ्याकडे. आमचं गाव मालवणजवळ, किनाऱ्याला लागून. इथे लोखंडाचं आयुष्य घाटावरच्या निम्मं. खारा वारा खिडकीच्या गजांना सोडत नाही तो गाडीच्या बुडाला काय सोडणार? सायलेन्सर, लोअर आर्म, जॅक लावायची कड, जिथे रंग उडाला तिथे तांबूस पापुद्रे धरतात. पण क्रँकच्या बोल्टाच्या हट्टाला खाऱ्या वाऱ्याचं कारण द्यावं एवढा तो गंजलेला नव्हता. ते पुढे सांगतो.

बेल्ट बदलायची वेळ कधीच होऊन गेली होती. बेल्टला किलोमीटरचीही मुदत असते आणि वर्षांचीही, जी आधी भरेल ती खरी. गावात गाडी कमी फिरते म्हणून आपण किलोमीटर मोजत बसतो आणि रबर तिकडे आपलं म्हातारं होत राहतं. त्यात पुलीच्या मागचं ऑइल सील पाझरायला लागलं होतं. ते तेल बेल्टवर गेलं की बेल्टचं काही खरं नाही. आणि हे इंजिन असं आहे की बेल्ट तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आपटतात. मग बेल्टच्या किमतीचा प्रश्न राहत नाही, इंजिनाचं हेड उतरवावं लागतं. आईचा हिशेब मात्र निराळा होता. ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "चवथीक गाडी सुरू नाय झाली तर गणपती डोक्यार घेवन येवचो लागतलो."

आधी हा बोल्ट इतका घट्ट का असतो ते पाहू. या घराण्यातल्या इंजिनांना क्रँकचा बोल्ट साधारण १८० न्यूटन-मीटरने (हे पिळाचं माप) आवळायला सांगतात. त्याच गाडीच्या चाकाच्या नटाला १०८ च्या आसपास लागतात. म्हणजे नवा असतानाच तो चाकाच्या नटापेक्षा दीडपटीहून जास्त आवळलेला. वर्षानुवर्षं इंजिनाचे धक्के खाऊन, तापून आणि निवून, वॉशर आणि बोल्टाचं डोकं, म्हणजे हेड, एकमेकांत असे बसतात की सुटताना तो त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर मागतो. यात कुणाचा दोष नाही. क्रँकवरची पुली सैल झाली तर आतली चावी, म्हणजे पुलीला क्रँकवर अडकवून धरणारा छोटा तुकडा, आणि तिची खाच झिजते आणि क्रँकशाफ्टच वाया जातो, त्यामुळे तो घट्टच हवा.

चाक काढलं, आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की पुली थेट समोर येते. या गाडीत ती डाव्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या अंगाला. गोटी (सॉकेट) लावायची, तिला लांब टॉमी, म्हणजे फिरवायचा दांडा, लावायचा, आणि दाबायचं. बोल्ट फिरतो, पण सुटत नाही. सगळा क्रँकच त्याच्यासोबत फिरतो. म्हणजे क्रँक धरून ठेवायला हवा. इथून खरी गंमत सुरू होते, कारण क्रँक कसा धरायचा यावर प्रत्येकाचं मत वेगळं.

सगळ्यात आधी कुणीही सांगतो तो उपाय म्हणजे गियर टाका आणि एकाला ब्रेकवर बसवा. चुलतभावाला बसवलं. त्याने लगेच पहिला गियर टाकला, कारण चढावर गाडी उभी करताना आपण पहिलाच टाकतो. तिथे तो बरोबरच आहे, पण इथे गणित उलटं होतं. चढावर इंजिनाने चाक धरायचं असतं. इथे ब्रेकने, म्हणजे चाकाच्या बाजूने, इंजिन धरायचं आहे. पहिल्या गियरमध्ये क्रँकवरचा पीळ चाकापर्यंत बारा-चौदा पटीने वाढून पोचतो, पाचव्यात तीन-साडेतीन पटीने. ब्रेकला कमीत कमी ओढ सोसावी लागावी असं वाटत असेल तर पाचवा टाकायला हवा. पाचवा टाकला. टॉमीवर घरातल्या बोअरिंगच्या कामातला उरलेला जीआय पाइप चढवला आणि दाबलं. पुलीवर खडूने एक रेघ मारून ठेवली होती. रेघ थोडी हलली, थांबली, आणि मग अगदी सावकाश, लाजत लाजत सरकायला लागली. बोल्ट तिच्यासोबत. ब्रेक पक्का होता, चाक जागचं हललं नव्हतं. घसरत होता तो क्लच. शंभर-सव्वाशे न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनाचा क्लच त्याहून बराच जास्त पीळ सोसतो, पण म्हणून चारशे-पाचशे सोसेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. आणखी दाबत राहिलो असतो तर बोल्ट तसाच राहून क्लचप्लेट तेवढी घासली गेली असती. थांबलो.

दुसरा उपाय इम्पॅक्ट गन. चुलतभावानेच नवीन बॅटरीवरची गन घेतली होती, खोक्यावर भलामोठा आकडा छापलेला. चाकाचे नट ती खरोखरच बोटभर दाबात काढते. क्रँकच्या बोल्टावर मात्र ती खूप वेळ ओरडली आणि बॅटरी संपवून गप्प बसली. गनचं तत्त्व छोट्या छोट्या, पण अतिशय झटकन बसणाऱ्या फटक्यांचं आहे. तो फटका बोल्टाच्या हेडपर्यंत तसाच पोचला तर काम होतं. आमच्याकडे फेंडरच्या बाहेरून आत पोचायला अर्धा इंच चौकोनाचं लांब एक्स्टेन्शन लावलेलं. ते प्रत्येक फटक्याला स्वतः पिळतं आणि परत सरळ होतं. निम्मा फटका तिथेच संपतो. उरलेला जाऊन बसतो अशा एका वजनदार पुलीवर जिच्या पोटात थरथर शोषण्यासाठीच रबर भरलेलं आहे.

तिसरा उपाय सगळ्यात चमत्कारिक, आणि सगळ्यात जास्त आत्मविश्वासाने सांगितला जाणारा. टॉमी जमिनीला टेकवून ठेवायचा आणि स्टार्टर मारायचा. क्रँक फिरतो, टॉमी फिरू शकत नाही, बोल्ट सुटतो. कुडाळच्या एका गॅरेजवाल्याने फोनवर मला हे इतक्या सहज सांगितलं की मी किल्लीकडे हात नेणारच होतो. पण मॅन्युअलमध्ये बेल्ट ताणताना क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं लिहिलं होतं, ते डोक्यात होतं. खात्री करून घ्यावी म्हणून टॉमी, गोटी सगळं बाजूला काढलं, कॉइलची वायर काढली म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि चुलतभावाला क्षणभर किल्ली फिरवायला सांगितली. मी फोनवर पुलीची हालचाल टिपली. खडूची रेघ डावीकडे खाली गेली. पुलीकडे तोंड करून पाहिलं तर हे इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं.

आता बोल्टाचे आटे नेहमीसारखे सुलटे, म्हणजे सोडायलाही काट्यांच्या उलटच फिरवायचा. टॉमी जमिनीला अडवून इंजिन त्याच दिशेने फिरवलं तर क्रँक बोल्टाच्या पुढे पळतो आणि बोल्ट आणखी आवळला जातो. स्टार्टरची ती युक्ती सुलट फिरणाऱ्या इंजिनांत चालते, तिथेही टॉमी सटकला तर माणसाची नडगी किंवा रेडिएटर यांपैकी काहीतरी जातंच. डी-सिरीजमध्ये तर ती उलटच काम करते. हे उलट फिरणं विचित्र वाटतं खरं, पण गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून पुढे जाणारी गाडी पाहा. चाकंही तुम्हाला उलटीच फिरताना दिसतील. बहुतेक गाड्यांत इंजिनाची पुली उजव्या अंगाला असते आणि तिकडून पाहिलं की सुलट फिरते. होंडाने तेच इंजिन जणू आरशात धरलं. पुढे के आणि एल सिरीजमध्ये त्यांनी स्वतःच ते फिरवून बाकीच्यांसारखं केलं.

तर अशा अवस्थेत गाडी मांगरात, म्हणजे आमच्या शेडमध्ये, तीन पायांवर उभी. जूनचे दिवस, पाऊस धरलेला. आमच्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्यामुळे सर्जेकोट बंदरातल्या ट्रॉलरची इंजिनं याच दिवसांत उघडतात. ती उघडणारे एक मेस्त्री आमच्याच वाडीत राहतात. सकाळी बंदरावर जाताना छत्री मिटून मांगरात डोकावले.

"काय रे, ह्यां काय उघडून ठेवलंस?"

मी सगळी कथा सांगितली. गियर, गन, स्टार्टर. अजून लांब पाइप मिळाला तर बघतो म्हणालो. ते पुलीपाशी उकिडवे बसले, टॉमीला हात घालून हलकेच दाबत राहिले, आणि त्यांची नजर बोल्टावर नव्हती. ती इंजिनाच्या वरच्या माउंटिंगवर होती, मग जॅकच्या पायाकडे गेली, मग एक्स्टेन्शनकडे.

"पाइप लांब करून काय उपेग मरे? जोर खंय जाता तां बघ आधी."

मग त्यांनी मलाच दाबायला लावलं आणि बोटाने दाखवत गेले. मी दाबला की इंजिन माउंटिंगच्या रबरावर बोटभर झुकत होतं. एक्स्टेन्शन पिळत होतं. एक्स्टेन्शनचं बाहेरचं टोक खाली वाकत होतं, म्हणजे माझ्या जोराचा मोठा हिस्सा बोल्ट फिरवण्यात नाही तर गोटी तिरकी करण्यात जात होता. हेडचे कोपरे असेच गोल होतात. जॅकस्टँड शेणाने सारवलेल्या जमिनीत रुतत होतं. आणि शेवटी क्लच. इतक्या ठिकाणी गळून उरलेला जोर बोल्टापर्यंत पोचणार तो किती? "पुली धरून ठेवक व्हयी," ते म्हणाले, "तुझो सगळो जोर रबरात आणि क्लचात जिरता." आणि छत्री उघडून गेले.

मला वाटतं, घरी काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना हेच कुणी सांगत नाही. सगळे जोर वाढवायला सांगतात. सत्तर किलोचा माणूस एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला लटकला तर जवळजवळ ७०० न्यूटन-मीटर होतात. एवढा जोर कुणाही माणसाकडे आहे. प्रश्न तो वाटेत न सांडता पोचवण्याचा आहे.

या होंडाच्या पुलीच्या मध्यभागी, बोल्टाच्या भोवती, सहा कोनांची एक मोठी खाच असते. आधी मला ती नुसती ओतकामातली नक्षी वाटली होती. व्हर्नियरने मोजली तर समोरासमोरच्या दोन बाजूंत ५० मिलिमीटर. ही खाच पुली धरण्यासाठीच आहे. तिच्यात बसणारा सहाकोनी होल्डर विकत मिळतो. मधून भोक, त्यातून गोटी आत जाते, आणि होल्डरला लांब दांडा लावून पुली अडवून धरायची. मागवला असता तर आला असता, पण पावसात कुरिअर आमच्या वाडीपर्यंत कधी येईल याचा भरवसा कोण देणार? मेस्त्री संध्याकाळी परत आले ते खिशात एक नट घेऊन. नट कसला, मुठीएवढा गोळा. एम-३३, म्हणजे ३३ मिलिमीटरच्या बोल्टाचा. एम-३३ च्या नटाचं माप समोरासमोर नेमकं ५० मिलिमीटर असतं. ट्रॉलरवरच्या कुठल्याशा जुन्या सामानातला, भंगारात पडलेला. मी व्हर्नियर लावला तर एकोणपन्नासच्या वर भरला. खाचेत घालून पाहिला. किंचित खेळ होता, पण बसला.

दुसऱ्या दिवशी कुडाळच्या एमआयडीसीत लेथवर नेला. आतले आटे कापून भोक मोठं करून घेतलं, म्हणजे जाड भिंतीची गोटी आरपार जाईल. भोक वाढवूनही चहूबाजूंनी पुरेसं लोखंड उरतं, त्याची काळजी नव्हती. मग वेल्डिंगवाल्याकडे. नटावर जस्ताचा थर होता. तो त्याने आधी ग्राइंडरने उडवला. जस्त जळताना जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला तर अंगात ताप भरतो, आणि जुन्या वेल्डरला हे सांगायला लागत नाही. १२ मिलिमीटर जाडीची, दोन इंच रुंदीची पट्टी, साधारण मीटरभर लांब. तिला नटाच्या भोकाएवढंच भोक, आणि नट मागच्या बाजूने चारी अंगांनी वेल्ड. पुलीत जाणाऱ्या तोंडाकडे वेल्डचा एक थेंबही येता कामा नये, नाहीतर नट खाचेत पूर्ण उतरत नाही. हे सांगून करून घ्यावं लागलं. झालेली वस्तू दिसायला एखाद्या खेळण्यातल्या नांगरासारखी, पण हातात घेतली की वजन कळायचं.

एका वाडीतल्या हितचिंतकाने मध्येच बोल्ट गॅसच्या ज्योतीने तापवायचा सल्ला दिला होता. लोखंड तापलं की सैल पडतं, हे खरंच आहे. पण बोल्टाच्या पाठीशी पुली आहे, पुलीत रबराचं कडं आहे, त्याच्या मागे ऑइल सील. सील मी बदलणारच होतो. पुलीचं रबर सुटलं तर नवी पुली शोधत फिरा. गंज सोडवणारा फवारा मी मारला, पण त्याच्यावर माझी फारशी श्रद्धा नव्हती. तो आट्यांपर्यंत पोचायला वाटच नसते. हेड आणि वॉशर यांची पकड इतकी की तेल आत शिरत नाही.

मग ज्या सकाळी पाऊस जरा उघडला तेव्हा मेस्त्रींना बोलावलं. त्यांच्याकडून पाऊण इंच चौकोनाचा टॉमी, तसंच जाड एक्स्टेन्शन, आणि सहा कोनी गोटी. बारा कोनांची गोटी कितीही चांगली असली तरी अशा कामाला नाही. ती हेडला कोपऱ्यांवरच धरते.

आधी गाडी. हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. जॅकस्टँडखाली जाड फळी, म्हणजे जमिनीत रुतणार नाही. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवलेलं. स्टँड सटकलंच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. गियर न्यूट्रल, कारण आता क्लचचं कामच नाही.

मग दिशा. बोल्ट सोडताना पुलीला उलटं फिरायचं असतं. डाव्या बाजूने गाडीकडे पाहिलं तर बोनेट आपल्या डाव्या हाताला येतं. होल्डरची पट्टी त्या दिशेला, तिरकी खाली, लोअर आर्मच्या पुढून जमिनीपर्यंत. पुली फिरायला गेली की पट्टी जमिनीवर दाबली जाते आणि तिथेच थांबते. टॉमीही त्याच बाजूला, पण वर, म्हणजे खाली दाबता येईल. वर ओढण्यात पाठ जाते, खाली दाबण्यात नुसतं वजन टाकायचं. पट्टीच्या टोकाखाली मी अंगणातला जांभ्याचा चिरा ठेवायला घेतला.

"चिरो नको रे, फुटतलो. लाकूड हाड."

फणसाच्या जुन्या वाशाचा तुकडा ठेवला. एक्स्टेन्शनच्या बाहेरच्या टोकाखाली दुसरं जॅकस्टँड, त्याच्या खाचेत एक्स्टेन्शन निवांत टेकेल एवढ्या उंचीवर. माझ्या मते या सगळ्या मांडणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही. टॉमीवर टाकलेलं वजन स्टँड सोसतं आणि बोल्टाकडे फक्त पीळ जातो. गोटी एका रेषेत राहते. मेस्त्रींनी हात घालून गोटी हेडवर पूर्ण बसल्याची खात्री केली, मग मला विचारलं नाही, माझ्या चुलतभावाला बाजूला हो म्हणाले. तो टॉमीच्या वाटेत उभा होता.

टॉमीवर पाइप चढवला. मी दोन्ही हातांनी धरून हळूहळू वजन टाकत गेलो. पट्टी किरकिरली, वाशात रुतली, थांबली. इंजिन या वेळी झुकलं नाही, म्हणावं इतकं तरी नाही. खडूची रेघ जागच्या जागी.

"आता बस दांड्यार. उडी मारू नको, नुसतो बस."

बसलो. पाय जमिनीवरून सुटले. क्षणभर काहीच नाही, मी पाइपवर अधांतरी. आणि मग असा आवाज झाला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तडाक! मी खाली बसलो होतो आणि पाइप माझ्या मांडीखाली. माझी पहिली समजूत टॉमी तुटला अशी. मेस्त्री हसत होते.

"सुटलो."

पुढे बोल्ट बोटांनी निघाला. याचीच चीड येते. हातात घेऊन पाहिला तर आटे स्वच्छ, काळसर, तेलकट. गंजाची एक बारीक तांबडी कडी तेवढी वॉशरच्या बाहेरच्या कडेला. आत कुठे गंज नव्हता, चिकटवणारं काही लावलेलं नव्हतं. नुसत्या घर्षणावर एवढा हट्ट.

राहिलेलं काम मॅन्युअलप्रमाणे. पुली निघाली, चावी पडून हरवू नये म्हणून लगेच काढून डबीत ठेवली. सील, बेल्ट, बेल्टला ताण देणारा टेन्शनर कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने आले होते. पाण्याचा पंप या इंजिनात टायमिंग बेल्टवरच फिरतो, त्यामुळे एवढं उघडल्यावर तोही बदलला; पुढच्या वर्षी तो गळाला असता तर परत याच बोल्टापाशी यावं लागलं असतं. खुणा जुळवल्या, इंजिन हाताने काही फेरे उलटं फिरवलं, परत वरच्या खुणेवर आणलं, टेन्शनरचा बोल्ट सैल करून कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, पुलीचे तीन दात पुढे, पुन्हा उलटच, आणि आवळला. यात चुकून सुलटं फिरवलं तर बेल्टची ढिलाई भलत्या बाजूला जाते आणि ताण खोटा बसतो.

बोल्ट परत बसवताना होल्डर पुन्हा लागतो, आणि इथे थोडा विचार करावा लागतो. आवळताना पुलीला सुलटं फिरायचं असतं, म्हणजे मघाची पट्टी आता जमिनीवरून वर उचलली जाईल. तिला मागच्या बाजूला वळवून टेकवायची. टॉर्करेंच, म्हणजे ठरवलेला पीळ आला की टक् वाजणारा पाना, मेस्त्रींकडेच होता. कुठे तेलाचा हात लावायचा आणि कुठली बाजू कोरडी ठेवायची याचं चित्र मॅन्युअलमध्ये असतं, ते पाहूनच करावं. तेल भलतीकडे लागलं तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. १८० ला टक् आवाज आला. हेडपासून पुलीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली. गाडी बरीच फिरल्यावर चाक काढून पाहिलं, रेघ अखंड होती.

होल्डर सध्या कणकवलीत एकाकडे आहे. त्याच्या गाडीत एल-सिरीजचं इंजिन, पुली उजव्या अंगाला, सुलट फिरणारी. खाच तीच ५० ची. त्याला फोनवर सांगितलं की उजव्या बाजूने पाहताना बोनेट उजव्या हाताला येतं, त्यामुळे सोडताना पट्टी पुढे लावलीस तर ती वर उडेल. मागच्या चाकाच्या दिशेने टेकव, टॉमीही तिकडेच ठेव, आणि खाली जांभा घालू नको.